लाल फडक्यातलं पुस्तक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला तर मुळीच नाही – गुन्हा त्याच्याच दारात घडला ना! तुम्हाला सांगतो. पण आधीच कबूल करतो, सांगताना माझी मान खाली जात नाही. कदाचित तोच गुन्ह्याचा मोठा भाग असेल.

मुरुडजवळच्या आमच्या कोळीवाड्यात सातवी पास झालेला पहिला मुलगा मी. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की नारळी पुनवेपर्यंत देवळात रोज दुपारी पोथी लागायची. त्या वर्षी वाचणारे भटजी तापाने पडले आणि मान माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी मी ओव्यांत असा अडखळलो की म्हातारे बसल्या जागी घोरायला लागले. अठरा वर्षांच्या पोराला हे सोसतं का?

शाळेच्या मास्तरांनी मला एक पुस्तक वाचायला दिलं होतं – ग्रीक लोकांच्या जुन्या पुराणकथा, नव्या सोप्या मराठीत सांगितलेल्या. दुसऱ्या दिवशी पोथीच्या लाल फडक्यात मी तेच गुंडाळून नेलं.

लढाई जिंकून घरी निघालेला राजा, आणि त्याच्यावर कोपलेला दर्या. नावं मी बदलली. त्यांच्या समुद्रदेवाचा वरुण केला. काय रंगलं म्हणून सांगू! जाळी विणणारे हात थांबले. "यानं निंगताना दर्याला नारल दिला नसंल," होडी हाकणारा एक म्हातारा तांडेल म्हणाला आणि सगळ्या देवळाने मान डोलावली. एका डोळ्याच्या राक्षसाच्या दिवशी तर शेजारच्या वाडीतली माणसंही येऊन बसली. लोक पुस्तकावर हळदकुंकू वाहायचे. मी घरी नेऊन पानं झटकायचो आणि एकटाच हसायचो.

मग राणीची कथा आली. वीस वर्षं ती नवऱ्याची वाट बघते. मागणी घालणाऱ्यांना झुलवत ठेवायला दिवसा कापड विणते, रात्री उसवते. माझी चुलती पुढेच बसली होती. तिचा मुलगा गोमा मुंबईहून मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेला, त्याला चार वर्षं झाली होती – पत्र नाही, निरोप नाही. पुनवेनंतर त्याचं क्रियाकर्म उरकून, त्याच्या बायकोचा, मंजुळावहिनीचा, दिघीच्या एका माणसाशी पाट लावायचा असं पंचांनी ठरवत आणलं होतं. चुलती भर देवळात उठली. पोथीतली राणी वीस वर्षं थांबली, माझी सूनही थांबेल, म्हणाली. पोथीपुढे पंच काय बोलणार?

समाप्तीच्या आदल्या दिवशी वहिनीने मला विहिरीवर गाठलं. दिघीचा तो माणूस तिला मनापासून आवडला होता, हे मला ठाऊक होतं.

"भावजी," ती म्हणाली, "पोथीन खरंच आसा लिवलाय?"

एक वाक्य पुरलं असतं, नाही का? वहिनी, ही पोथीच नाही. पण – उद्या समाप्ती होती. वाजंत्री ठरली होती. माझ्यासाठी फेटा आणला होता.

"व्हय," मी म्हणालो. "तसाच लिवलाय."

तिने घागर उचलली आणि ती गेली. दिघीच्या माणसाने पुढच्या वर्षी दुसऱ्याच बाईशी लग्न केलं.

आणि दहा वर्षांनी गोमा आला. खरंच आला – परमुलखातल्या बंदरांत अडकत, आजारपणं काढत, एक दिवस मुरुडला बोटीतून उतरला. गाव वेडं झालं. पोथी खरी ठरली! लोकांनी मला पुन्हा फेटा बांधला, माझ्या घरातून लाल फडक्यातलं ते पुस्तक आणून हातात दिलं आणि मला खांद्यावर घेऊन देवळाकडे वाजतगाजत निघाले. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नाही. खोटं कशाला बोलू?

चुलतीच्या दारात मिरवणूक थांबली. वहिनी आरतीचं ताट घेऊन उभी होती. चौतिशीतच केस पिकले होते. तिने गोमाला ओवाळलं, मग हात उंच करून पुस्तकाला. तिच्या डोळ्यांत त्या विहिरीवरचाच प्रश्न होता.

मी खाली उतरलो नाही. फेटा सावरला आणि पुस्तक आणखी वर धरलं.