विमान उतरायचं कुठं

सैन्यातून सुट्टीवर येताना आमचे हे काहीतरी येडपट वस्तू आणायचेच. नव्वदीतल्या एका उन्हाळ्यात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. कॅसेट खोचली की पडद्यावर नदी यायची, नदीवर एक पांढरं विमान.

"समोर येईल त्याला गोळी घालायची," हे म्हणाले. "तेल संपत आलं की वाटेतल्या टाकीवरून न्यायचं, भरतंय."

"पर समोरचे कोण?"

"दुश्मन."

"कुठले?"

यांनी नुसती बटणं दाबायला घेतली. मला तर सगळी विमानं सारखीच दिसत होती. मारायचं कुणाला आणि का, काही कळेना.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या पिठाच्या हातानं दारात उभ्या होत्या. "ह्यात तू कंचा रं?" त्यांनी लेकाला विचारलं.

"ह्यो पांढरा, आये," हे चेष्टेत म्हणाले.

झालं, घेतलं बाईनं मनावर. एकदा विमान आपटलं आणि मी "गेलं" म्हणाले, तर केवढ्या खवळल्या. आमच्यात घरातून निघणारा माणूससुद्धा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. माझंच चुकलं म्हणा, पण खेळातल्या विमानाला कसला आलाय शकुन?

सुट्टी संपली. पोस्टिंग वर बर्फात होतं. आत्यांनी ओवाळलं, हे "येतो" म्हणून निघाले, आणि मग कितीतरी दिवस काहीच खबर नाही. दुपारी आत्या म्हणायच्या, "लाव गं त्ये." मी विमान चालवायचे, त्या शेजारी बसायच्या.

"उतरायचं कुठं ह्येनं?"

मी लय शोधलं. गोळ्या मारायचं सोडून नुसती वाट काढत पुढं पुढं नेलं. नदी संपेना, उतरायला जागा दिसेना. असला कसला मेला खेळ, ज्यात घरीच येता येत नाही?

एकदा तेल संपत आलं आणि टाकी काही येईना. आत्या उठल्या आणि टीव्हीचं बटणच बंद केलं.

"आवं आत्या, पडलंच असतं आता."

"पडल्यालं दिसलं का तुला?"

"न्हाई."

"मग उडतंय अजून," म्हणत त्या चुलीकडं गेल्या. हसावं का रडावं मला समजेना. पुन्हा त्यांनी तो खेळाचा डबा लावू दिला नाही.

पुढच्या सुट्टीला हे दारात आले. आत्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळल्या.

"आता लाव त्यो डबा. पडू दे किती पडायचं त्ये."

यांना काहीच उमगेना. बूट हातात घेऊन आमच्याकडं बघत राहिले.