तात्या, लंका आणि माझी दृष्ट

तात्यांना कुणी काही सांगायला गेलं की ते मान तिरकी करून एकच विचारत, "तू बगितलंस?" पलूसच्या बाजारात खोंडांची जोडी भलत्याच भावाला गेली म्हणावं, "तू बगितलंस?" कडेगावच्या वाटेला चिंचेखाली बाई उभी असते म्हणावं, "तू बगितलंस?" समोरचा 'न्हाई' म्हणाला की ते चंची सोडून पान लावायला घेत आणि विषय तिथंच संपे. त्यामुळं गावातली माणसं त्यांच्याशी गप्पा मारायला बिचकत. गावातल्या निम्म्या गप्पा न बघितलेल्या गोष्टींवरच चालतात.

लढाई संपल्यावर तात्या पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आले. आमचा सगळा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडायचा. त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीला. त्यांना मळा, ऊस, विहीर; आम्हांला माझ्या वडिलांची मास्तरकी. तात्यांची एकुलती एक हिरा आणि मी एकाच वर्गात, एकाच वयाच्या. वडील शाळेचे मास्तर म्हणून माझा नंबर पहिला असायचा असं हिरा म्हणायची, आणि मी अभ्यास करते म्हणून असतो असं मी म्हणायची. एवढंच आमचं भांडण होतं. तात्या आले आणि खरं भांडण सुरू झालं, तेही फक्त माझ्या बाजूनं.

आल्यावर चार दिवसांतच तात्यांनी हिराला समोर बसवून काय काय येतं ते विचारलं. हिरानं माझ्या वडिलांनी शिकवलेलं घडाघडा म्हणून दाखवलं, "समुद्र म्हणजे खाऱ्या पाण्याचा अफाट साठा."

"किती खारं?" तात्या म्हणाले.

"ते पुस्तकात न्हाई."

"तुज्या मास्तरानं बगितलाय?"

 दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद. तात्या स्वतः शाळेत येऊन माझ्या वडिलांना रामराम करून म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. आता हिला मीच शिकिवनार." वडिलांनी राग मानला नाही. तो मी मानला, आणि तोही वेगळ्याच कारणानं.

कारण तात्यांची शाळा मळ्यात भरायची. उसाच्या सरीला पाणी लावलं की ते फावड्यानं माती ओढून हिंदुस्थान करायचे, टोकाखाली एक ढेकूळ ठेवायचे आणि म्हणायचे, "ही लंका. हितं पलटन होती आमची." उसाच्या पाल्याची होडी करून ती ढेकळापर्यंत न्यायचे. वाऱ्यानं होडी उलटली की माणसं कशी बुडतात तेही सांगायचे. त्यांचं शुद्धलेखन देवाघरचं होतं, पाढे बाराच्या पुढं अडखळायचे आणि व्याकरण नावाची गोष्ट त्यांच्या गावीही नव्हती. पण मातीत हात घालून बाप लेकीला शिकवतोय, हे दृश्य मला बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे. मी ताकाचं निमित्त करून जायची, ते संपलं की विस्तवाचं, ते संपलं की हरवलेल्या कोंबडीचं. आमच्या घरी कोंबडी नव्हती.

आणि हिरा? ती जांभया द्यायची. "तात्या, जाऊ का? चिंचा पडल्या असत्याल." चणे आहेत तिथं दात नाहीत म्हणतात ते मी डोळ्यांनी बघत होते. माझ्या वडिलांनी आख्ख्या गावाला शिकवलं. मला मात्र एकटीला समोर बसवून कधी काही दाखवलं नाही. घरी आले की ते टोपी खुंटीला अडकवायचे आणि डोळे मिटायचे. मला मळ्याचा हेवा नव्हता, उसाचाही नव्हता. हिराला तसला बाप मिळाला आणि मला मिळाला नाही, याचा होता. तो मी आजही लपवत नाही.

त्या साली गूळ चांगला गेला आणि एका सकाळी तात्यांनी पारावर जाहीर केलं, "हिरीला लंकेला न्हेनार." पार हसला. कुणी म्हणालं, "हवालदार, पोरीला राक्षसाला द्यायची हाय काय?" तात्या म्हणाले, "तू बगितलास राक्षस?"  पुस्तकात लंकेला सिलोन म्हणत, पण गावाच्या तोंडी लंकाच. मिरजेहून मद्रास, मद्रासहून जमीन संपेपर्यंत आगगाडी आणि तिथून आगबोट, अशी वाट ते कुणीही विचारलं तरी सांगायचे. मी रोज विचारायची.

निघायला आठवडा राहिला आणि हिराला ताप भरला.

मी बघायला गेले. आईनं वाटीत पेज दिली होती. हिरा घोंगडीखाली डोळे लाल करून पडली होती. मी उशाशी बसले आणि माझ्या मनात आलं ते असं की आता ही जाणार नाही. फार बरं वाटलं. पारूकाकी, म्हणजे हिराची आई, चुलीपाशी बसून माझ्याकडं टक लावून बघत होत्या. मी उठले, बाहेर आले आणि वाटी आत राहिल्याचं आठवून अंगणातनंच मागं फिरले. उंबऱ्याबाहेर ओल्या सारवणावर माझं पाऊल उठलं होतं. पारूकाकी वाकून त्याची माती चिमटीत घेत होत्या.

त्यांनी मला बघितलं नाही. आत जाऊन त्या मातीत मीठ, मोहऱ्या, मिरच्या घालून हिरावरून मूठ ओवाळायला लागल्या. "आल्यागेल्याची, भुताखेताची, मास्तराच्या कुसमीची दिष्ट जळू दे." मूठ चुलीत पडली. मिरच्या तडतडल्या. आमच्याकडं समजूत अशी की मिरच्यांचा ठसका उठला तर दृष्ट नव्हतीच, आणि ठसका आला नाही तर ती जबर लागलेली. मी दारात श्वास धरून उभी. कुणाला शिंकही आली नाही.

लाज वाटली, रडूही आलं. आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. वर्गात पहिला नंबर आणला तेव्हाही माझी कुणी इतकी दखल घेतली नव्हती.

तेवढ्यात तात्या मळ्यातनं आले. दारात मी डोळे पुसतेय, आत मिरच्या जळतायत, हे बघून त्यांनी पारूकाकींना विचारलं, "काय चाललंय?"

काकींनी पदर सावरला. "हिची दिष्ट लागलीया पोरीला. आवं, रोज येतीया, रोज बगतीया. ठसका बी आला न्हाई, बगा."

मला वाटलं, आता तात्या हाकलून देतील. ते माझ्याकडं वळून कितीतरी वेळ बघत राहिले, बाजारात जनावर पारखावं तसे.

"एवढा दम हाय व्हय हिच्या डोळ्यात?" ते म्हणाले. "मग हिलाच न्यायाला पायजे. आपली हिरी गाडीत बसली की झोपनार. ही डोळं उघडं ठिवून जाईल."

"आवं, दिष्ट लावती ती."

"आगं, दिष्ट म्हंजी भूकच की. पोटभर बगितलं की ऱ्हाती लागायची."

त्याच संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले. मी दाराआड. तात्या म्हणाले, "मास्तर, हिरीसंगं कुसमीला बी धाडा. माज्या लेकीगत संभाळीन."  वडील म्हणाले, "तुमच्यावर भरवसा आहे, तात्या. पण हिची सातवीची फायनल परीक्षा तोंडावर आली आहे. ती पास झाली तर उद्या स्वतःच्या पायावर उभी राहील. लंका कुठं पळून जात नाही."

"पोरीचं वय पळतंय की, मास्तर."

"परीक्षाही पळते."

दोघंही खरं बोलत होते हे आज कळतं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की एका बापानं दुसऱ्याची लेक मागितली आणि माझ्या बापानं दिली नाही. मी रात्री जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं आणि सकाळी तेच वाढलं.

हिराचा ताप उतरला. भिलवडी स्टेशनाला जायला बैलगाडी जुंपली तेव्हा सगळी आळी जमली होती. हिराला नवं लुगडं, डोक्यात फुलं. मी आमच्या दाराचा खांब सोडला नाही. तात्या गाडीतनं उतरून माझ्यापाशी आले. "कुसमे, तुला काय बगायचं हाय तिथलं? सांग. तेवढं बगून येतो."

काय बघायचं नव्हतं मला? पण संतापानं तोंडून भलतंच निघालं. "तिकडं माणसांची दृष्ट लागते का, ते बघा."

आळी हसली. तात्या हसले नाहीत. "बरं," म्हणाले आणि गाडीत बसले.

ते परत आले तेव्हा पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. "सोन्याची हाय का, हवालदार?" "माती तांबडी हाय. सोनं काय दिसलं न्हाई." बायकांनी हिराला घेरलं. समुद्र कसा असतो गं? हिरा म्हणाली, "खारट असतोय. बोटीत लय उलट्या झाल्या." झालं. एवढा समुद्र, एवढी आगबोट, आणि हिच्या पदरात तेवढंच! तिला धरून हलवावं, आतलं सगळं बाहेर काढावं असं मला झालं.

मग गर्दीतनं तात्यांनी मला हाक मारली. "कुसमे, हिकडं ये. तुजं काम केलं."

ते खाली बसले, काडीनं धुळीत घर काढलं आणि घरावर एक माणूस काढला. "तिथं घर बांधाय घेतलं की वर पेंढ्याचा मानूस टांगत्यात. त्येला फाटकं धोतर, फुटकं मडकं डोस्क्याला. मी हातवारं करून इचारलं, हे कशाला? तर बुवा डोळ्याला हात लावून दावतोय. म्हंजी दिष्ट लागू नये म्हनून." त्यांनी काडी टाकली. "तिथं बी लागती गं. म्हंजी तिथं बी बगन्यासारखं हाय, आन् बगायला न मिळाल्याली मानसं बी हायती."

हिरा शेजारी उभी होती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आख्खी वाट ह्येच. घर दिसलं की तात्या खाली उतरायचं. कुसमीनं इचारलंय, कुसमीनं इचारलंय. मी काय बी इचारलं न्हाई, मग मला कोन इचारतंय?"

तिच्या आवाजात मी ओळखीचं काहीतरी ऐकलं. लंका मला मिळाली नव्हती, पण तात्यांच्या लंकेत मी होते, आणि ते हिराला बोचत होतं. त्या रात्री मी शांत झोपले.

मी फायनल पास झाले. ते बघून तात्यांनी हिरालाही परीक्षेला बसवायचं ठरवलं. माझ्या वडिलांनी महिनाभर तिला ओसरीवर शिकवलं, मागचं एक अक्षर न काढता. पण परीक्षेच्या कागदाला समुद्राची चव चालत नव्हती. गणितात ती नापास झाली. पुन्हा बसवू म्हणेपर्यंत स्थळ आलं आणि उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, कवठे महांकाळच्या बाजूला, जिथं घागरभर पाण्याला शेताशेतातनं चालावं लागतं. वरात गेल्यावर तात्या आमच्या ओसरीवर येऊन बसले. "मास्तर," ते म्हणाले, "मी पोरीला दावत गेलो. लिवायला बशिवलं न्हाई." वडिलांनी त्यांच्यापुढं पानाचं तबक सरकवलं. 

तात्यांना मी शेवटचं बघितलं ते साताऱ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला निघाले त्या दिवशी. त्यांना दम्यानं गाठलं होतं. चुलीत ओलं लाकूड गेलं तरी खोकून खोकून जीव अर्धा होई, म्हणून खाट दाराशी आणली होती. हिरा माहेरी आली होती, कडेवर पोर. माझी ट्रंक, नवी वहाण, आईनं घातलेली घट्ट वेणी, सगळं ती दारात उभी राहून बघत होती. "साताऱ्यात मुली मुलीच ऱ्हात्यात व्हय गं?" तिनं विचारलं. "आन् रोज नुसतं शिकायचं?" मी हो म्हणाले. 

पाया पडून मी उठले तर पारूकाकी म्हणाल्या, "थांब पोरी." त्यांनी मीठ-मिरच्या मुठीत घेतल्या. मग दाराशी गेल्या, आपल्या लेकीच्या पायाखालची माती चिमटीत घेतली आणि माझ्यावरून ओवाळायला लागल्या. हिरानं पाऊल मागं घेतलं नाही. मला वर बघवेना.

मूठ चुलीत पडली. मिरच्या जळल्या आणि ठसका उठला, चांगलाच उठला. माझ्या नाकाडोळ्यांतनं पाणी आलं. मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी घोंगडीचं टोक तोंडात कोंबलं होतं, चेहरा लालबुंद झाला होता, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, छाती आतल्या आत उसळत होती. पण खोकला त्यांनी बाहेर येऊ दिला नाही. धूर निवळेपर्यंत दिला नाही. मग घोंगडी काढून, धापा टाकत, ते माझ्याशी न बोलता दाराकडं बघून म्हणाले,

"ठसका न्हाई आला. हिरे, तुज्या बी डोळ्यात दम हाय गं."

हिरानं पोर या कडेवरनं त्या कडेवर घेतलं आणि पहिल्यांदाच बापाकडं डोळे भरून बघितलं.