लाल रेघ आणि मूठभर मीठ

ती बाटली खोकल्याच्या औषधाची होती. लेबल अर्धं सोललेलं, झाकण पांढरं. बहिणीच्या सासूने ती आमच्याच दैनिकाच्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि आडवी धरू नको, एवढंच सांगितलं. आत बहिणीची सकाळची पहिली लघवी होती.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मी पेणहून एका जिल्हा दैनिकाला बातम्या पाठवत असे. बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. वडखळच्या पुढे खाडीकाठच्या गावात, मिठागर करणाऱ्या घरात दिलेली. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिची पाळी कधीच वेळेवर नसे, त्यामुळे ती लांबली यावरून घरात कोणी काही धरून चालत नसे. त्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या पोटात उजव्या बाजूला दुखू लागलं. डॉक्टरांनी अलिबागला पोटाचा एक्स-रे काढायला लिहून दिलं. तारीख गुरुवारची मिळाली. ती चुकली तर पुढची दीड महिन्याने. चिठ्ठीच्या खाली एक ओळ होती : दिवस गेलेले नाहीत याची आधी खात्री करावी.

खात्री होत नव्हती. पेणच्या लॅबमध्ये तेव्हा काचपट्टीवर तपासणी करत. लघवीच्या थेंबात दोन द्रावणं मिसळून पट्टी हलवायची. गुठळ्या धरल्या तर दिवस नाहीत. दुधासारखं एकसारखं राहिलं तर आहेत. मला हे उलटं वाटे आणि दर वेळी मनात पुन्हा जुळवून घ्यावं लागे. बहिणीच्या पट्टीवर गुठळ्या होत्याही आणि नव्हत्याही. रिपोर्टवर लिहिलं होतं : शंकास्पद, दहा दिवसांनी पुन्हा. तो सोमवार होता.

रोह्याला, पूल ओलांडून अष्टमी गावात, माझा कॉलेजमधला मित्र लॅब चालवत असे. त्याच्याकडे नवी कार्डं आली होती. तीन थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. बहिणीच्या घरी त्याच आठवड्यात हंगामातलं पहिलं मीठ वाफ्यांतून ओढायचं होतं आणि कोणाला हलता येत नव्हतं. मला मंगळवारी रोह्यात पंचायत समितीच्या बैठकीला जायचंच होतं. म्हणून बाटली माझ्याकडे आली.

एसटीत कंडक्टरने पिशवीकडे पाहून विचारलं, "काय हाय? जवळा?"

"औषध."

"मग धरलंय असं जसं काय तान्हं पोर."

मित्राने कार्डाच्या खळग्यात तीन थेंब टाकले. कार्ड म्हणजे प्लास्टिकची चपटी डबी, मधोमध एक खिडकी. खिडकीत एक लाल रेघ उमटली तर नाही, दोन उमटल्या तर हो. एक रेघ उमटलीच पाहिजे. कार्ड धड आहे याची ती खूण. पाच मिनिटांनी खिडकी कोरी होती. खळग्याच्या कडेला जांभळट राखाडी डाग तेवढा दिसत होता.

त्याने दुसरं कार्ड काढलं. तेही कोरं. तिसरंही.

"म्हणजे हो की नाही?" मी विचारलं.

"म्हणजे काहीच नाही. हे उत्तर नसतंच."

दमट हवेने खोकं खराब झालं असावं, अशी त्याला शंका आली. बाकावर दुसऱ्या एका बाईची बाटली होती; तिचे थेंब त्याने चौथ्या कार्डावर टाकले. दोन मिनिटांत लखलखीत लाल रेघ. कार्डं ठीक होती. दोष आमच्या बाटलीत होता.

"तुझी बहीण कसली औषधं घेते?"

"दुखणं थांबायची गोळी."

"त्याने हे होत नाही."

तेव्हा मी बाटली नीट पाहिली. झाकणाखाली थोडं पाझरून वाळलं होतं आणि काचेच्या मानेवर पांढरी खरखरीत कड धरली होती. पेणच्या खाडीकडचा कोणीही माणूस ही कड ओळखतो.

"हे मीठ आहे," मी म्हणालो.

मित्राने बाटली उजेडात धरून पाहिली. मग त्याने फ्रीजच्या दारातून एक छोटी कुपी काढली. एमएस्सी करताना प्रयोगशाळेत त्यानेच बनवलेलं पाणी होतं ते, कोकमाच्या सरबतासारखं लाल आणि स्वच्छ.

"यात सोनं आहे," तो म्हणाला. "कार्डातली लाल रेघ याचीच."

"सोनं पिवळं असतं."

"दागिन्यात. इतके बारीक कण केले, की सुटे असेपर्यंत लाल दिसतात. कार्डात त्या कणांवर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. गरोदर बाईच्या लघवीत जे द्रव्य असतं ते ती पकडतात आणि वर जाऊन रेघेवर अडकतात. आपल्याला दिसतं ते सोनं."

"आणि मीठ?"

त्याने थोडं लाल पाणी नळीत घेतलं आणि डब्यातल्या काकडीबरोबर आणलेलं मीठ चिमूटभर टाकलं. नळी हलवली. लाल रंग माझ्या डोळ्यांदेखत जांभळा झाला, मग निळा.

"कण एकमेकांना चिकटले. सुटे राहिले नाहीत."

"म्हणजे कार्डात हेच झालं?"

"बहुतेक. कार्डातल्या कणांना प्रथिनाचं कवच असतं, लघवीतलं नेहमीचं मीठ ते सोसतं. इथे बरंच जास्त असणार. किंवा मिठाने प्रतिपिंडांची पकडच सुटली असेल. नक्की कुठलं, मला सांगता येणार नाही."

बैठकीला मी गेलो नाही. वहीत लिहून घेतलं : पेण, गुठळी म्हणजे नाही. रोहा, गुठळी म्हणजे काहीच नाही. परतीच्या एसटीत ते चार वेळा वाचलं.

संध्याकाळी बहिणीच्या सासूला विचारलं. ती ओट्यावर बसून पायाची भेगाळलेली टाच तेलाने चोळत होती.

"व्हय, घातलं. मूठभर. रोह्याला जाईपर्यंत नासलं असतं ना ता."

"आई, त्यात मीठ घालायचं नसतं."

"म्हावरं मिठात टिकतं, कैरी टिकते. ह्याला काय झालं? तुमच्या पेणच्या मानसांना मीठ फक्त ताटात ठावं."

बुधवारी बहिणीने मीठ ओढायचं सोडलं आणि माझ्याबरोबर रोह्याला आली. नमुना लॅबमध्येच दिला. मित्राने कार्ड टेबलावर ठेवलं. पहिली रेघ ठसठशीत उठली. दुसऱ्या जागी बराच वेळ काही नव्हतं, मग धुतलेल्या साडीवर राहिलेल्या कुंकवाच्या डागासारखं काहीतरी दिसू लागलं.

"ही रेघ हाय का?" बहिणीने विचारलं.

"आहे."

"फिकट हाय. म्हणजे थोडंसं हाय?"

"थोडंसं असं नसतं, ताई. दिवस कमी असतील, म्हणून फिकट."

"का राहायचं नसेल म्हणून फिकट?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. "ते कार्ड सांगत नाही," तो म्हणाला. रिपोर्टवर त्याने एकच शब्द लिहिला : होकारार्थी.

पेणला डॉक्टरांचा दवाखाना बुधवारी बंद असे. वडखळला उतरल्यावर बहीण अलिबागच्या फाट्याकडे पाहत उभी राहिली. "पेणची पट्टी म्हणते माहीत नाय. काल कार्ड म्हणालं कायच नाय. आज म्हणतं हाय, पण दिसत नाय धड. उद्या सात वाजता ये. बघू."

मी सातला पोचलो. काय सांगायचं हे मला ठरवता आलं नव्हतं. बहीण बाहेरची साडी नेसून, चपला घालून दारात उभी होती. एक्स-रेची चिठ्ठी हातात, पोटावर दुसरा हात. दुखणं रात्री वाढलं होतं. नवरा मिठागराकडे निघाला होता तो थबकला. तो म्हणाला, "तारीख गेली तर दीड महिना." मग म्हणाला, "पण कागदावर तर लिवलंय."

सासू आतून आली. रिपोर्ट तिला वाचता येत नव्हता, कार्ड तिने पाहिलं नव्हतं. तिच्या मुठीत मीठ आणि मोहरी होती. तिने बहिणीला पूर्वेकडे तोंड करून उभं केलं, मूठ डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवली, आत जाऊन चुलीत टाकली. मीठ तडतडल्याचा आवाज बाहेर आला. दृष्ट काढतात ती दिवस गेलेल्या सुनेची, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सात वर्षांत बहिणीची कधी काढली नव्हती.

"उभी कशाला, गो?" ती आतूनच ओरडली. "च्या झालाय."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि चिठ्ठी माझ्या खिशात घातली.