भवानीबाईंनी बुजवलेली जखम

आषाढातला वारा म्हैसूरकरांना पावसापेक्षा जास्त छळतो. पाऊस नुसता भुरभुरतो, पडला की नाही तेही कळत नाही. वारा मात्र दारं आपटतो, दोरीवरचं धुणं शेजारच्या गच्चीत नेऊन टाकतो आणि चामराजपुरमातल्या भवानीबाईंच्या पडवीतली बाहुल्यांच्या प्लास्टरची पूड घरभर फिरवतो. म्हणून या दिवसांत त्या उजाडायच्या आतच प्लास्टर चाळून डब्यात भरतात. मग कॉफी घेऊन आदल्या दिवशीचे साचे उघडायला बसतात. सुतळी सोडायची, बोटाच्या पेरानं साच्यावर ठोकायचं, आवाज टणक आला तर उघडायचं, बद्द आला तर तसंच राहू द्यायचं. दमट हवेत घाई केली की बाहुलीचं नाक साच्यातच राहतं.

भवानीबाई बाहुल्या करतात. नवरात्रात म्हैसूरच्या घराघरांत पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात. त्याला इथं गोंबेहब्ब म्हणतात, आणि त्याचं काम आषाढातच अंगावर येतं. राजा-राणी, दुकान मांडून बसलेले शेट्टी-शेट्टीण, बँडवाले, अंबारीचा हत्ती. नवरा शंभूराव नंजनगूडच्या बसवर कंडक्टर होते, आता निवृत्त. बाहुल्यांचे डोळे काढायचं काम त्यांच्याकडं. इतकी वर्षं बसमध्ये एक माणूस नजरेतून सुटला नाही, असं ते सांगतात. नजर आहे, पण हात अजून खड्ड्यातून चालल्यासारखा उडतो, म्हणून आमच्या शेट्टिणीचा एक डोळा मोठा, असं भवानीबाई सांगतात. दोघांचेही पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात चाकरीला आले आणि इथलेच झाले. घोडी कधीच गेली. घरात मराठी राहिली, तीही निम्मी कन्नड होऊन.

पण भवानीबाईंचं खरं नाव झालं ते डागडुजीत. भंगलेली बाहुली पायरीवर बसवायची नाही, हा सगळ्यांचा नेम. त्यामुळं नवरात्राआधी लोक आजेसासूच्या वेळच्या बाहुल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडं आणतात. कुणाचा कान गेलेला, कुणाच्या पाठीला टवका. भवानीबाई भरतात, घासतात, कॉफीचा डिकॉक्शन आणि काजळी यांतून जुनाट रंग जमवतात. सांधा कुठं आहे ते बाहुलीच्या धनिणीलाही सापडत नाही. वस्तू हातात आली की बोट आधी तिच्या खोटीवर जातं, तसा हातच तयार झाला आहे त्यांचा.

त्याच हातानं यंदा घोटाळा केला.

मृण्मयी मूळची कराडची. नवऱ्याच्या नोकरीमागं म्हैसूरला आली आणि इथल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायला लागली. तिच्या मनात आलं की पिरियापट्टणकडच्या शाळांतल्या मुलांनी जीवाश्म फक्त पुस्तकात बघितलेत, एक तरी त्यांच्या मुठीत द्यावा. पुण्याच्या तिच्या सरांकडं एक शिंपला होता, लिंबाएवढा, दोन्ही शिंपा मिटलेला. सरांनी तरुणपणी तमिळनाडूत अरियलूरकडच्या एका कोरड्या ओहोळात तो स्वतः वेचला होता. तो त्यांनी मृण्मयीच्या शब्दावर पाठवला, आणि तिनं तो प्रती काढायला भवानीबाईंच्या ओंजळीत ठेवला.

दर्यापासून इतक्या लांब शिंपला सापडलाच कसा, हे भवानीबाईंनी पहिल्यांदा विचारलं. मृण्मयी पडवीतल्या पाटावर बसली आणि सांगायला लागली. सात-आठ कोटी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता. शिंपला मेला, तळाच्या चिखलात गाडला गेला. उघड्यावर पडला असता तर लाटांनी फुटला असता, पण वर लगेच गाळ बसला, त्यावर आणखी गाळ, आणि खालचा दाबून दाबून दगड झाला. आतलं मऊ जनावर कुजून गेलं, पोकळीत गाळ भरला. कधी कधी तर कवचही विरघळून जातं, दगडात नुसती त्याच्या आकाराची पोकळी राहते, आणि पुढं दुसरा गाळ किंवा पाण्यातला क्षार तिच्यात भरून हुबेहूब दुसरा शिंपला तयार होतो.

भवानीबाई साच्याकडं बघून हसल्या. म्हणाल्या, म्हणजे दर्या माझाच धंदा करतो, फक्त त्याला दसऱ्याची घाई नाही.

आमच्या चामुंडीच्या डोंगरात का नाही मिळत असलं काही, असं शंभूरावांनी विचारलं. मृण्मयी म्हणाली, इथला दगड फार म्हातारा, सात-आठ नव्हे, ऐंशीएक कोटी वर्षांचा. तो झाला तेव्हा शिंपलेवाला जीवच जन्माला आला नव्हता. शंभूरावांना हे उगीचच आवडलं. आपलं गाव शिंपल्यांच्या आधीचं, हे त्यांनी वेंकोबाच्या हॉटेलात जाऊन चारचौघांना सांगितलं.

इतकं सगळं सांगण्याच्या नादात एक गोष्ट मृण्मयीकडून राहून गेली, आणि तिला कॉलेजात परत जायचं होतं.

ती गेल्यावर भवानीबाईंनी शिंपला उजेडात धरला. बोट आपसूक खोटीवर गेलं. टोकाजवळ एक गोल भोक होतं, काळी मिरी बसेल एवढं. शेजारी एक उथळ खळगा, मसुरीच्या डाळीचा दाणा उचलावा आणि खाली ठसा राहावा तसा. पोरांच्या हातात भंगलेली वस्तू द्यायची, हे काही त्यांच्या मनाला येईना. साच्याआधी मूळ वस्तू धड करून घ्यायची, ही कामाची रीतच होती. त्यांनी बारीक प्लास्टर कालवलं, दोन्ही भरलं, वाळल्यावर ओल्या बोटानं घोटलं, डिकॉक्शनचा हात दिला. शिंपला नवरीसारखा दिसायला लागला. मग त्यावर रबराचा साचा घेतला आणि नमुन्याला चार प्रती काढल्या.

चार-पाच दिवसांनी मृण्मयी आली. प्रती बघून हरखली. रेषान् रेष उतरली होती. मग एक प्रत तिनं उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"काकू, यावर एक भोक होतं."

"होतं की. भरलं कणे, पोरी. रबर आत घुसलं असतं. आणि मुलांना सुम्ने, उगीच फुटकं कशाला द्यायचं?"

मृण्मयीला वाटलं, फक्त प्रतीत भरलं असेल. मग तिची नजर फळीवर गेली. मूळ शिंपला तिथं कापसावर ठेवलेला होता, अखंड, गुळगुळीत. ती पाटावर बसली आणि शिंपला दोन्ही हातांत धरून राहिली.

"काय झालं ते सांग बघू," भवानीबाई म्हणाल्या. "रागाव पाहिजे तर. पण सांग."

"ते भोक म्हणजे त्याची जखम होती, काकू. कुणी मारलं त्याला, ते त्यातच लिहिलं होतं."

आणि तिनं राहिलेली गोष्ट सांगितली. एका जातीची गोगलगाय असते, शिंपले खाणारी. ती शिंपल्याला मिठी मारून बसते, तोंडाजवळून आंबट रस सोडून कवच मऊ करते आणि कानशीसारख्या जिभेनं खरवडत राहते. आरपार भोक पडलं की आतलं जनावर ओढून खाते. तिचं भोक वरून रुंद, आत निमुळतं, कडा अगदी घोटीव. तेव्हाची ती गोगलगाय त्या ओहोळात मिळाली नाही, पण ती होती, भुकेली होती, आणि या शिंपल्यावर बसली होती, एवढं ते भोक सांगत होतं. आणि शेजारचा खळगा तर त्याहून मोलाचा. तो अर्धवट राहिलेला. कुणीतरी खरवडायला लागलं आणि सोडून द्यावं लागलं. लाट आली असेल, शिंपला वाळूत निसटला असेल. म्हणजे हा एकदा वाचला होता. सरांनी शिंपला जपला होता तो त्या खळग्यासाठी. प्लास्टर काढताना कडा खरवडली गेली, तर तो दगडावरचा कुठलाही पोचा होणार होता.

भवानीबाईंनी भिंतीला पाठ टेकली. शंभूराव ब्रश पाण्यात बुडवून तसेच थांबले.

मग तेच म्हणाले की लिंबू लावून बघू, फरशीवरचे डाग जातात. मृण्मयीनं घाईनं हात आडवा केला. आंबट काहीही नको, प्लास्टर राहील आणि शिंपलाच विरघळेल. गोगलगायीनंही तेच केलं होतं. यावर भवानीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो री, तुम्ही शेट्टिणीचा डोळाच बघा."

मृण्मयीनं तिथूनच सरांना फोन केला. झालं ते सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी. मग सरांनी एवढंच विचारलं की भरणाऱ्या बाईंचा हात कसा आहे. मृण्मयी म्हणाली, भरलेलं मलाही सापडलं नाही. तर मग काढायलाही त्यांनाच सांग, कॉलेजात कुणाला हात लावू देऊ नकोस, असं सर म्हणाले आणि फोन ठेवला.

आयुष्यभर बाईंनी खोट झाकली होती. खोट उघडी करायचं काम कुणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडवीचं दार आतून लावून घेतलं. कोमट पाण्यात कापसाच्या वाती भिजवून दोन्ही जागांवर ठेवल्या. वाती वाळल्या की बदलायच्या. प्लास्टर पाणी पितं, प्यायलं की कणाकणानं सुटतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण खाली दगड नव्हता, कवच होतं, आणि सुई लावली तर सुईचीच रेघ उठणार. त्यांनी झाडूतला नारळाचा हीर घेतला, टोक चावून चावून मऊ केलं, ब्रशासारखं. साच्यातल्या बाहुलीच्या पापण्या साफ करायला त्या हेच वापरत.

भोक लवकर मोकळं झालं. संध्याकाळपर्यंत आतला निमुळता भाग दिसायला लागला. खळगा मात्र दाद देईना. एवढ्या उथळ जागेत प्लास्टर कुठं संपलं आणि शिंपला कुठं सुरू झाला ते रंगावरून कळेना, कारण रंग त्यांनीच जमवला होता. त्या चिडल्या स्वतःवर. इतका बेस रंग कशाला लावला गे बाई, असं पुटपुटल्या. शंभूराव म्हणाले की आता थांब, हाय तेवढं ठेव, डोळे दुखतील. त्या थांबल्या नाहीत, पण हीर खाली ठेवला.

मग त्यांना वेगळं सुचलं. डोळ्यांनी कळत नाही तर जिभेला विचारावं. प्लास्टर जरा सुकलं की जिभेला चिकटतं, ओढून घेतं. शिंपल्याचं घट्ट कवच तसं ओढत नाही. त्यांनी जिभेचं टोक खळग्याला लावलं. मध्यभागी ओढ लागली, कडेला नाही. म्हणजे कडा मोकळी होती, प्लास्टर फक्त मधल्या बशीत उरलं होतं. पुन्हा वात, पुन्हा हीर, पुन्हा जीभ. शंभूराव दारातून बघत होते. म्हणाले, "सात कोटी वर्षांनी ह्याला पुन्हा कुणीतरी चाटतंय बघ."

भवानीबाईंना एवढं हसू आलं की शिंपला खाली ठेवावा लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मृण्मयी भिंग घेऊन आली. भवानीबाई तिच्या चेहऱ्याकडं बघत होत्या, शिंपल्याकडं नाही. मृण्मयीनं शिंपला खिडकीशी नेला, तिरप्या उजेडात धरला, फिरवला. मग भिंगावर मोबाइल ठेवून फोटो काढला आणि सरांना पाठवला. उत्तर यायला उशीर लागला नाही. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं: खळगा दिसतोय, कडा शाबूत आहे, काकूंना नमस्कार सांग.

"हौदा?" भवानीबाईंनी विचारलं, आणि खरंच का म्हणून पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग स्वतः भिंगातून बघितलं. खळग्याच्या तळाशी, मधोमध, जरासा उंचवटा होता. मृण्मयी म्हणाली, अर्धवट सोडलेल्या खरवडीत असा राहतो, जीभ कडेनं फिरते ना. भवानीबाई बराच वेळ बघत राहिल्या.

त्यांनी जुना साचा कातरीनं कापून टाकला आणि त्याच दिवशी नवा घेतला. पहिली प्रत उघडली तेव्हा भोक होतं, खळगा होता, उंचवटाही होता. ती त्यांनी मृण्मयीच्या तळहातावर ठेवली आणि पोरांना काय सांगायचं ते बजावलं: आधी भोकात बोट घालून बघायला लाव, मग खळग्यात, आणि कोण वाचलं, कोण मेलं ते त्यांनाच विचार. तू सांगू नको. मृण्मयी म्हणाली, पिरियापट्टणला तुम्हीच चला माझ्याबरोबर, तुम्हीच विचारा. कन्नडात माझ्यापेक्षा चांगलं विचाराल. भवानीबाई म्हणाल्या, बघू, शुक्रवार सोडून ये, आषाढातल्या शुक्रवारी चामुंडीच्या दर्शनाच्या गर्दीनं बस मिळत नाही. पण कुठली साडी नेसायची, हे त्यांनी मनात धरलं होतं.

रस्त्यावर भाजीवालीची हाक आली. भवानीबाईंनी हात धुतले, परात घेऊन बाहेर गेल्या आणि दोन जुड्या राजगिरा घेऊन आल्या. पायरीवर बसून त्यांनी एकेक काडी उचलली, किडकी पानं बाजूला टाकली आणि कोवळे देठ सांबारासाठी वेगळे मोडायला लागल्या.