रिकाम्या पाण्यावर विमान

गाववाल्यांनो, आज माझं डोकं लई फिरलंय.

सकाळी घोडेगावात पाण्यावर उतरणाऱ्या विमानांवर भाषण होतं. पुण्याचे पावणे सांगत होते, इंग्रजांच्या काळात असली विमानं तळ्यावर उतरायची. धावपट्टी नको, कुणाची जमीन घ्यायला नको. "तुमच्या डिंभ्याच्या धरणावरही उतरतील. नुसतं रिकामं पाणी पडलंय!"

टाळ्या पडल्या. मी उठले. "भाऊ, त्या पाण्याखाली आमचं जुनं आंबेगाव हाय. माझं माहेर हाय. रिकामं कशाला म्हणता?"

"ताई, ते जुनं झालं. बसा."

न्हाई बसले. म्हणलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या भिंती वर येतात, तेव्हा उतरवा की विमान!

टाळ्या वाजवणाऱ्यांत आपल्याच बुडालेल्या आंबेगावची माणसं व्हती. का राव, तुमची घरं काय डोंगरावर व्हती?