वारा लागेल म्हणून

माझी पोर सातव्या महिन्यातच जन्मली. दवाखान्यातून सोडताना नर्सबाईंनी बजावलं होतं, "ऊब तुटू देऊ नका, नाहीतर पोर हातची जाईल." म्हणून लिंबायत वस्तीतल्या आमच्या खोलीत तिला खोक्यात कापूस घालून ठेवलं होतं आणि वर शंभरचा बल्ब टांगला होता. खोलीखाली कापड विणायच्या लूमचा कारखाना. त्याच्या खडखडाटाला मी लग्न झाल्यापासून शिव्या घालत आले होते. पण पौषातल्या त्या सकाळी तो एकदम थांबला आणि पोरीवरचा बल्ब विझला. लाइट गेली होती.

नवरा खालीच कामाला. तो धावत वर आला, तो शेजाऱ्याचा छोटा सिलेंडर आणि त्यावर बसवायचा बर्नर घेऊनच. मला सिलेंडरची भयंकर धास्ती. "पोरीजवळ बॉम्ब आणताय का?" मी ओरडले.

"आधी बाहेर जोडू," तो म्हणाला. "गॅस गळना तं बाहेर गळी."

गॅलरीत बसून त्यानं नवा वॉशर घातला, बर्नर आवळला, पोरीच्याच साबणाचा फेस करून जोडावर फासला. एक फुगा हळूच वर आला. म्हणजे गॅस गळत होता. त्यानं पुन्हा आवळलं, पुन्हा फेस लावला. फुगा आला नाही, तेव्हाच काडी ओढली. सिलेंडर खोक्यापासून लांब कोपऱ्यात ठेवला आणि लाइट कधी येणार ते विचारायला निघाला. जाताना म्हणाला, "खिडकी उघडी ऱ्हाऊ द्या."

त्याची पाठ वळायचा अवकाश, आईनं खिडकी लावली. ती माझ्या बाळंतपणासाठी धुळ्याहून आली होती. फटीत तिनं गोधडीही कोंबली. "बाळंतीणले वारा लागी जाई. माणसांले काय समजस!" आणि खरं सांगते, मलाही तेच पटलं. भीती सिलेंडरची होती, ती तर साबणाच्या फेसात विरून गेली होती.

खोली छान ऊबदार झाली. किरकिरणारी पोर गप्प झाली. आम्ही दोघी हसलोसुद्धा. मग माझं डोकं जड झालं. आई बसल्या जागी पेंगू लागली. ही बाई दिवसा कधी डोळा मिटत नसे. मी बर्नरकडे पाहिलं, तर निळी ज्योत पिवळी पडलेली; कोंडलेल्या खोलीतली हवाच तिनं खाल्ली होती. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. सरपटत जाऊन बर्नर बंद केला, दार ढकलून उघडलं, गोधडी ओढली, खिडकी उघडली.

आई दचकून जागी झाली. "वारा लागी पोरले!"

"लागू दे!" आईवर मी जन्मात पहिल्यांदा ओरडले.

पोरीला खोक्यातून उचललं. मान लुळी. मी तिला हलवलं, गालावर चापट्या मारल्या, देवाला हाका मारल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती बारीकशी शिंकली आणि रडायला लागली. मी तिला पोलक्याच्या आत, अंगाला अंग लावून धरलं. ही ऊब माझ्याजवळ होतीच, ते सुचलं नव्हतं.

आई उठली. उघड्या खिडकीत वाऱ्याला पाठ करून बसली आणि एक बोट पोरीच्या नाकाशी धरलं. दुपारी लाइट आली, खाली लूम खडखडू लागले. तरी तिनं बोट काढलं नाही.