पेरिपॅटेटिक दाजी

धामापूरच्या दाजींना घरात बसवणं म्हणजे वाऱ्याला दावं बांधणं, हे सुगंधाकाकींना लग्नाच्या चौथ्या दिवशीच कळलं होतं. कुणाची नवी रिक्षा येवो की विहिरीला पाणी लागो, गाऱ्हाणं घालायला दाजीच हवेत. नारळ ठेवून, खणखणीत आवाजात सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी 'होय म्हाराजा!' म्हणायचं, एवढंच काम. पण बांद्यापासून मिठबावापर्यंत ते करत माणूस तीन-तीन दिवस घरी फिरकत नसे. काकी त्याला सरळ 'उंडगो' म्हणत.

त्यात मे महिन्यात नात संचिता आली आणि तिने घोळ वाढवला. "आज्ये, आजोबा पेरिपॅटेटिक आसत!" म्हणजे भटका माणूस, किंवा दोन-तीन शाळांत फिरून शिकवणारा मास्तर, आणि जुन्या ग्रीसमध्ये चालता चालता शिकवणारे तत्त्वज्ञ होते, तेही. दाजींनी यातले तत्त्वज्ञ तेवढे उचलले. उशीर का झाला विचारलं की उत्तर तयार, "पेरिपॅटेटिक माणसाक घड्याळ नसता गो!"

"उंडगेपणाक विंग्रजी सदरो घातलो म्हणान तो सायब होता काय?" काकी करवादत.

आज मात्र हद्द झाली. तलावाकडच्या रस्त्यावर काकींची खानावळ उघडायची होती. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं काम! दहाचा मुहूर्त, वाजले साडेअकरा. दाजी कुणाच्या तरी पंपाला गाऱ्हाणं घालायला गेलेले, फोन घरात चार्जिंगला. लोक चपला शोधू लागले.

"काकी, अजून थांबाचा?" शेजारच्या जॉनने विचारलं.

काकींनी पदर खोचला आणि नारळ स्वतःच उचलला. बाईने गाऱ्हाणं घातलेलं गावात कुणी ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग जॉनच ओरडला, "होय म्हाराजा!"

"तुझा ह्या लेकरू आज चूल मांडता, तेका यश दी. येणारो-जाणारो पोटभर जेवान जाऊंदे."

"होय म्हाराजा!"

"आणि जो काय पेरिपॅटेटिक घोव माझ्या पदरात घातलंस, तेका साऱ्या जगाची कामां दिसतत, बायलेचा तेवढा दिसणा नाय. तेका एकदा तरी वेळेर घराक धाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत खणखणीत आवाज दारातून आला. धापा टाकत पोचलेल्या दाजींनी सवयीने साथ दिली होती. अर्थ डोक्यात शिरला तेव्हा सगळी खानावळ हसत होती.

काकी हसल्या नाहीत. त्यांनी नारळ फोडला. "जॉन, बस. वेळेर इलेल्यांका आधी वाढतंय. उशिरा इलेल्यांनी पाणी देवचा."

दाजींनी पाण्याचा जग उचलला आणि दुपारी तीनपर्यंत चार टेबलांमधून फिरत राहिले.